मदत हवी आहे: विमा एजंटच्या वेबसाइटवर नेमकं काय असावं? (फोंडा, गोवा)

अंत्रुजकरीण

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात विम्याचं काम बाबांपासूनचं. फोंड्याला तिस्कावर छोटं ऑफिस आहे. बाबा आयुर्विमा बघतात, मी आरोग्य आणि गाड्यांचा. बाबांना गिऱ्हाइकं देवळातल्या उत्सवाला भेटतात, लग्नात भेटतात, मासळी बाजारातसुद्धा भेटतात. माझ्या वयाची माणसं तशी सापडत नाहीत. ती मोबाइलवर शोधतात आणि त्यांना मोठी पोर्टलं दिसतात. मी कुठेच नसते.

एकाकडून वेबसाइट करून घेतली होती. दिसायला गुळगुळीत आहे. वर छत्री धरलेलं गोरंपान परदेशी कुटुंब, मग ‘अबाउट अस’, ‘अवर व्हिजन’, आणि खाली फॉर्म. फॉर्ममध्ये जन्मतारीख, पॅन, वार्षिक उत्पन्न, सगळं विचारलंय. भरून येतात ते फॉर्म बहुतेक ‘तुमची साइट गूगलवर पहिली आणून देतो’ म्हणणाऱ्यांचे. उघडायलाही वेळ लागतो, आणि पावसात आमच्याकडे नेटवर्कची काय अवस्था असते ते गोंयकारांना सांगायला नको.

आता डोमेन-होस्टिंगचं रिन्यूअल आलंय, म्हणून सगळं नव्याने करावं म्हणते. पहिल्या पानावर काय ठेवावं? प्रीमियम कॅल्क्युलेटर हवा का? भाषा मराठी, कोंकणी की इंग्लिश? आणि कंपनीची परवानगी वगैरे लागते का? डिझायनर म्हणाला होता, काही लागत नाही. जाणकारांनी सांगावं. बजेट बेताचं आहे.

दोन_ओळी

धागा वाचनखुणेत टाकलाय. आमच्या मेहुण्याचीही हीच रड आहे.

वेबकर

मूळचा मडगावचा, आता पुण्यात हेच काम करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी साइटवर येतं कोण ते बघा. एक, ज्याला कोणीतरी तुमचं नाव सांगितलंय आणि फोन करण्याआधी ‘ही बाई खरंच आहे ना’ एवढं बघायचंय. दोन, ज्याच्यावर आत्ता काहीतरी ओढवलंय: गाडी ठोकली, माणूस ॲडमिट आहे. तीन, जो ‘सर्वांत स्वस्त पॉलिसी’ शोधत हिंडतोय. तिसरा पोर्टलांकडे जाणार, त्याच्यासाठी पैसे जाळू नका. साइट पहिल्या दोघांसाठी बांधा. तुमच्या डिझायनरने ती कोणासाठीच बांधलेली नाही.

पहिल्याच्या नजरेला स्क्रोल न करता पडायला हवं ते एवढंच: तुमचं नाव, तुमचा आणि बाबांचा खरा फोटो, ऑफिस फोंड्यात नेमकं कुठे, कोणकोणत्या प्रकारचा विमा बघता, फोन आणि व्हॉट्सॲपचं बटण. छत्रीवालं कुटुंब काढा. त्याऐवजी रस्त्यावरून दिसणाऱ्या ऑफिसच्या पाटीचा फोटो टाका. पाटी ओळखीची वाटली की माणूस फोन करतो.

व्हॉट्सॲपच्या बटणात मजकूर आधीच भरून ठेवता येतो. ‘माझ्या गाडीचा विमा संपतोय’, ‘क्लेमसाठी मदत हवी’ अशी दोन-तीन वेगळी बटणं करा. समोरच्याला टाइप करावं लागत नाही आणि कोण कशासाठी आलाय ते तुम्हाला उघडल्याबरोबर कळतं. फॉर्म ठेवायचाच तर नाव, फोन आणि ‘काय हवंय’ एवढाच. पहिल्या भेटीत पॅन कोण देतो? शिवाय डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३चा आहे. त्यात माहिती कशासाठी घेताय ते सांगून संमती घ्यायला सांगितलंय, आणि गरजेपुरतीच घ्यायची असते. जे तुमच्याकडे नाही ते गळणारही नाही.

वजनाचं म्हणाल तर फोटो वेबपी स्वरूपात लहान करून टाका, पहिल्या पानावरचा हलता स्लायडर काढून फेका. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. मोबाइलच्या टॅबवर मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला की बास.

साइटच्याही आधी गूगल बिझनेस प्रोफाइल नीट करा. ‘कार इन्शुरन्स फोंडा’ शोधणाऱ्याला नकाशा आधी दिसतो, साइट नंतर. वेळ, फोन, फोटो, प्रकार सगळं भरा. त्या प्रोफाइलमधूनच फुकट साइट बनते असं जुन्या व्हिडिओंत सांगतात, पण ती सोय मार्च २०२४मध्ये बंद झाली. रिव्ह्यू मागा, पण त्याबदल्यात काही देऊ नका, गूगलला चालत नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. डोमेन कोणाच्या नावावर आहे?

अंत्रुजकरीण

वेबकर, खूप धन्यवाद. आत्ता बघितलं, डोमेन डिझायनरच्या खात्यात आहे. :(

वेबकर

वाटलंच होतं. रिन्यूअलचे पैसे भरण्याआधी त्याच्याकडून ट्रान्सफरचा ऑथ कोड मागून घ्या आणि स्वतःच्या खात्यात आणा. साइट पुन्हा उभी करता येते, पण व्हिजिटिंग कार्डावर छापलेला पत्ता दुसऱ्याच्या हातात नको.

बार्देशी

म्हापशाला मीही याच धंद्यात आहे, म्हणून परवानगीचं मी सांगतो. ‘काही लागत नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, नियमांत वेबसाइट ही जाहिरातच धरली जाते. एजंटाने स्वतः केलेल्या जाहिरातीला आधी कंपनीची लेखी मंजुरी लागते. सूट आहे ती साध्या मजकुराला: नाव, पत्ता, फोन, अमुक प्रकारचा विमा मिळेल, आमचा अनुभव आणि शिक्षण इतका. कुठल्याही ठरावीक पॉलिसीचं, तिच्या फायद्याचं, हप्त्याचं किंवा कंपनीचं नाव आलं की मंजुरी घ्या. लोगो तर विचारल्याशिवाय लावूच नका. मी सगळा मजकूर कंपनीच्या शाखेत मेलने पाठवतो आणि उत्तर जपून ठेवतो. वेळ लागतो, पण झोप लागते.

दुसरं, ‘पहिला हप्ता आमच्याकडून’, ‘कमिशन परत’ असलं काहीही साइटवर नको. विमा कायदा १९३८चं कलम ४१. दंड दहा लाखांपर्यंत आहे. तोंडी चालवणारे आपल्या आजूबाजूला आहेत, नावं घेत नाही, पण साइटवर लिहिणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा स्वतःच छापणं.

कॅल्क्युलेटर आणि तुलनेचा तक्ता, दोन्ही नको. दहा कंपन्यांची तुलना दाखवायला वेब ॲग्रीगेटरचं वेगळं लायसन्स असतं. आपण एजंट. आयुर्विम्याची एक, जनरलची एक, निव्वळ आरोग्याची एक, अशा कंपन्यांचं काम आपल्याला करता येतं. तेवढंच सरळ सांगावं. हप्त्याचा आकडा हवा असेल त्याला कंपनीच्या साइटवर पाठवा किंवा फोनवर बोला. तसंही आकडा मिळाला की माणूस फोन करत नाही.

जुना मजकूर उचलणार असाल तर आधी गाळा. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य आहे, तरी कितीतरी एजंटांच्या साइटवर अजून ‘अधिक १८ टक्के’ लिहिलेलं दिसतं. गाडीच्या विम्याला ही सूट नाही. फ्री-लूकही, म्हणजे नको वाटली तर पॉलिसी परत करायची मुदत, आता ३० दिवसांचा आहे. अशी शिळी माहिती दिसली की शहाणं गिऱ्हाईक तिथूनच परततं.

सून_साखळीची

मला वेबसाइटमधलं काही कळत नाही, पण गिऱ्हाईक म्हणून सांगते.

सासऱ्यांना ॲडमिट केलं तेव्हा रात्री मी मोबाइलवर काय शोधलं असेल? ‘आमचं व्हिजन’ नक्कीच नाही. हे हॉस्पिटल कॅशलेसमध्ये आहे का, टीपीएचा (कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या संस्थेचा) नंबर कुठे असतो, कागद कोणते लागतात. आमच्या एजंटाच्या पानावर त्यांचा हसरा फोटो आणि पुरस्कारांची माळ होती. फोन सकाळी उचलला.

तेव्हा ताई, एक पान फक्त ‘आत्ता काय करायचं’ यासाठी ठेवा. आणि रात्री फोन उचलणार नसाल तर तसं लिहा. खाली कंपनीचा चोवीस तासांचा नंबर द्या. खोटं ‘२४ बाय ७’ नको. वाचून चीड येते.

अजून एक. आमच्याकडे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे. ते असताना वेगळी पॉलिसी घ्यावी का, हे मला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही. जो येतो तो पॉलिसीच विकतो.

बार्देशी

ताई, तुमचा हा प्रश्न माझ्याकडे आठवड्याला कोणीतरी घेऊन येतंच. योजना २०१६ची. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख, तेही ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्याच हॉस्पिटलांत. मोठं ऑपरेशन, राज्याबाहेरचं हॉस्पिटल, खोलीची पसंती असे विषय आले की फरक पडतो. गोमेकॉतच (सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात) जाणार असाल आणि हात आखडता असेल तर मी स्वतः ‘आत्ता थांबा’ म्हणून सांगितलेलं आहे.

अंत्रुजकरीण, हे पान तुमच्या साइटवर हवंच. पुण्या-मुंबईचं पोर्टल हे लिहिणार नाही.

वेबकर

बार्देशींना +१. लेख लिहायचे तर असे लिहा. ‘विम्याचे महत्त्व’ छापाचे निबंध कोणी वाचत नाही. गोव्याचे खरे प्रश्न घ्या:

पार्क केलेल्या गाडीवर माड कोसळला तर? (फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचे पैसे नाहीत, हे लोकांना तेव्हाच कळतं.) पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारली आणि इंजिन गेलं तर? साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, इंजिनाचं वेगळं ॲड-ऑन असतं. आणि सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे खासगी नंबरप्लेटची स्कूटर किंवा गाडी पर्यटकाला भाड्याने दिली तर? खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. कळंगुट ते पाळोळेपर्यंत किती जण या भरवशावर चालवतात ते आपल्याला माहीत आहे.

असं एकेक पान सावकाश लिहा. मेपर्यंत पावसाचं तयार असेल तर जूनमध्ये आपसूक लोक येतील.

बार्देशी

उत्तम, फक्त त्या पानांवर कंपनी किंवा पॉलिसीचं नाव नको, सर्वसाधारण भाषा ठेवा, शेवटी ‘आपल्या पॉलिसीच्या अटी वाचा’ लिहा, आणि हेही शाखेला दाखवून घ्या. ‘बसत नाही’ असं आपण लिहिलं आणि गिऱ्हाइकाच्या पॉलिसीत बसत असेल तर भांडण आपल्या दारात.

मांडवीकाठ

भाषेचं कोणीच बोललं नाही. गोव्यात आहात तर कोंकणीच हवी.

दोन_ओळी

झालं, आता शंभर प्रतिसाद नक्की.

मांडवीकाठ

प्रतिसाद काढून टाकला आहे.

वेबकर

भाषावाद दुसऱ्या धाग्यावर, कृपया. व्यवहाराचं सांगतो. लोक बोलतात कोंकणी, पेपर वाचतात मराठी आणि गूगलमध्ये टाइप करतात बहुधा इंग्लिश. सासष्टीत तर देवनागरी न वाचणारा मोठा वर्ग आहे. म्हणून पानांची शीर्षकं आणि पत्ता इंग्लिशमध्येही द्या, मजकूर मराठीत आणि तोच वेगळ्या पानावर इंग्लिशमध्ये. ब्राउझरच्या यांत्रिक भाषांतराच्या भरवशावर राहू नका, विम्याच्या अटींचं त्यात खोबरं होतं. कोंकणीसाठी तुमच्या आवाजातली मिनिटभराची चित्रफीत ठेवा. बाबा बोलले तर आणखी बरं.

आणि छापखान्यातून जुन्या पत्रकाचा मजकूर घेऊ नका. तो श्रीलिपी किंवा तसल्याच फॉन्टात असतो, साइटवर चिकटवला की निरर्थक अक्षरं उमटतात. युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. मुक्त फॉन्टांत मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चांगले दिसतात.

अंत्रुजकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. डिझायनरने ऑथ कोड द्यायचं कबूल केलंय, थोडी कुरकुर करून. बाबा चित्रफितीला तयार नाहीत, ‘आपूण किदें नट न्हय’ म्हणाले. बघू, चवथीला घरी भाचा येतो, त्याचं ऐकतात.

पहिल्या पानाचा मजकूर असा केलाय, सुचवा:

‘नमस्कार. फोंडा, तिस्क येथे आमचं ऑफिस आहे. आयुर्विमा, आरोग्य आणि गाडीचा विमा या तिन्हींसाठी भेटा. बाबा तीस वर्षांहून अधिक काळ या कामात आहेत. सकाळी साडेनऊ ते एक, दुपारी साडेतीन ते सात. रविवारी बंद. रात्री अडचण आली तर कंपनीचा हेल्पलाइन नंबर खाली आहे, सकाळी आम्हाला कळवा, हॉस्पिटलात येऊ. क्लेम शंभर टक्के मिळवून देऊ.’

खाली तीन बटणं: गाडी, हॉस्पिटल, बाकी काहीही.

बार्देशी

शेवटचं वाक्य उडवा. क्लेम कंपनी देते, आपण नाही, आणि असं वचन कंपनी मंजूरही करणार नाही. त्याजागी ‘क्लेमचे कागद नीट भरायला मदत करू’ लिहा. वाटल्यास तक्रार कुठे करायची तेही द्या: आधी कंपनी, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल. गोव्यासाठी लोकपालाचं कार्यालय मुंबईत आहे. एजंटाच्या साइटवर हे सहसा नसतं, म्हणूनच ठेवा. आणि ‘बाबा’ऐवजी परवान्यावर आहे तसं पूर्ण नाव लिहा, तुमचंही. घरातली हाक शाखावाले पास करणार नाहीत.

सून_साखळीची

‘हॉस्पिटलात येऊ’ मात्र राहू द्या. पण खरंच येणार असाल तरच.

वेबकर

फोन नंबर फोटोत नको, मजकुरात टाका आणि दाबला की लागेल असा करा. मसुदा शाखेतून आला की इथे सांगा, बटणांचा मजकूर बसवून देतो.