‘स्थलांतरित’, ‘पांगलेला’ की ‘नेलेला’? आणि ‘पल्ला’ कशाला म्हणायचं?

कोशकिडा:
तीन वाक्यं ठेवतो. अशा धर्तीची वाक्यं छापील मजकुरात नेहमी दिसतात.

(१) आर्क्टिक सुरय हा लांब पल्ल्याचा स्थलांतरित पक्षी आहे.
(२) एका तरुण ध्रुवीय कोल्ह्याने चार हजार किलोमीटरचे स्थलांतर केले.
(३) बुडीत क्षेत्रातील हरणांचे स्थलांतर करण्यात आले.

पहिल्यात प्राणी आपणहून जातो आणि परत येतो. दुसऱ्यात जातो, पण परतत नाही. तिसऱ्यात त्याला गाडीत घालून नेतात. शब्द मात्र तिन्हीकडे एकच. शिवाय ‘स्थलांतरित’ हे रूप ‘हलवलेला’ असं ऐकू येतं. सुरयाला कोणी हलवलं?

अनुस्वार:
आधी फोड. स्थलांतर म्हणजे अन्य स्थल, जसं रूपांतर म्हणजे अन्य रूप. इथल्या ‘अंतर’चा किलोमीटरशी संबंध नाही, ‘दुसरा’ एवढाच अर्थ. परत येणं या शब्दात कुठेच नाही, ते प्राणिशास्त्राने नंतर भरलं आहे.

‘स्थलांतरित’बद्दल किंचित असहमत. ‘भाषांतरित’, ‘रूपांतरित’ यांच्या सवयीने ते आपल्याला कर्मणी वाटतं. पण संस्कृतात नामाला लागणारा ‘इतच्’ प्रत्ययही आहे (पाणिनी ५.२.३६, ‘तदस्य संजातं तारकादिभ्य इतच्’). पुष्पित म्हणजे फुलं आलेला, तारकित म्हणजे चांदण्यांनी भरलेला. त्या वाटेने स्थलांतरित म्हणजे ‘ज्याचं स्थलांतर झालं आहे तो’. कुणी केलं हे शब्द सांगत नाही. त्यामुळे चूक नाही, पण संदिग्ध आहे. आणि ‘झालं आहे’ हा भूतकाळ चिकटलेला राहतोच. दरवर्षी जाण्यायेण्याचा स्वभाव सांगायचा तर ‘स्थलांतर करणारा’ हेच सरळ.

टिटवी:
वाक्य २ मधलं उदाहरण ओळखीचं आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरून २०१८ मध्ये निघालेला प्राणी समुद्रावरच्या बर्फावरून ग्रीनलंड ओलांडून कॅनडातल्या एल्समिअर बेटावर पोचला. त्यातलं ३,५०६ किमी अंतर ७६ दिवसांत झालं. पण हे स्थलांतर नव्हेच. जन्मलेल्या जागेपासून दूर जाऊन नवीन मुलूख धरायचा, याला मराठीत चांगला शब्द आहे: पांगणं. ‘विकिरण’ वगैरे नको, वाचकाला किरणोत्सर्ग आठवतो.

मी असे भाग पाडते:

ये-जा: दोन (किंवा जास्त) ठरलेले प्रदेश, ऋतूनुसार आलटून पालटून. सुरय, कॅरिबू (उत्तर अमेरिकेतलं रेनडिअर), ग्रे व्हेल. खरं स्थलांतर हेच.
पांगणं: एकदाच, परतीचं तिकीट नाही.
भटकंती: जिथे पाऊस किंवा दाणा तिथे, जागा आणि वेळ दोन्ही अनिश्चित. मंगोलियातल्या गवताळ भागातलं गझेल हरीण.
धाड: संख्या फुगली, अन्न संपलं की लोंढा बाहेर पडतो. टोळधाड शब्द आहेच, तो लेमिंगांना (उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या उंदरासारख्या प्राण्यांना) का लावू नये?

वाक्य ३ साठी ‘स्थानांतर’ किंवा सरळ ‘हलवणे’.

कप्पे घट्ट नाहीत, हेही लिहून ठेवा. नामशेष झालेल्या प्रवासी कबुतराचं शास्त्रीय नाव ‘एक्टोपिस्टेस मायग्रेटोरिअस’. पहिल्या शब्दात भटक्या, दुसऱ्यात स्थलांतर करणारा. नाव ठेवणाऱ्यांनी दोन्हीकडे पाय ठेवला.

कोशकिडा:
मग मोनार्क फुलपाखरू कुठे घालायचं? मेक्सिकोच्या फर वृक्षांवर हिवाळा काढणारं फुलपाखरू उत्तरेकडे निघतं, पण मूळच्या उन्हाळी जागेपर्यंत बहुधा पोचतच नाही. पोचतात ती त्याची मुलं-नातवंडं.

टिटवी:
ये-जाच. फेरा पुरा होतो, फक्त तो एका जिवाचा नसून पिढ्यांचा आहे. म्हणून ‘मोनार्क दरवर्षी परततात’ हे वाक्य जातीबद्दल खरं, फुलपाखराबद्दल खोटं. कर्ता अनेकवचनी ठेवा आणि पुढे ‘पिढ्यांच्या साखळीने’ जोडा. पॅसिफिक सामन उलट: एकच मासा नदीतून समुद्रात, समुद्रातून त्याच नदीत, आणि अंडी घालून तिथेच मरतो. फेरा पुरा, पण एकदाच. त्याच्याबाबतीत ‘दरवर्षी’ लिहिलं की चूक.

मोजपट्टी:
‘चार हजार किलोमीटर’ यावर कुणी थांबलं नाही. त्या कोल्ह्याची एकूण चाल ४,४१५ किमी, आणि निघालेली जागा ते स्थिरावलेली जागा सरळ रेषेत १,७८९ किमी. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ‘अंतर’ म्हणून बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘एकूण चाल’ आणि ‘सरळ अंतर’ असे दोन शब्द ठेवा.

याच गोंधळातून लांडगा कॅरिबूला हरवतो. मंगोलियातल्या एका लांडग्याची वर्षाची एकूण चाल ७,२४७ किमी भरली. कॅरिबूचं १,२०० किमीहून जास्त अंतर दोन प्रदेशांमधल्या सरळ रेषेवर, जाऊन-येऊन धरलेलं आहे. लांडगा जास्त चालला, स्थलांतर कॅरिबूने केलं.

कोणता शब्द लावायचा हे ठरवायला आलेख काढतात. प्राण्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बसवला ती जागा शून्य धरायची, रोज प्राणी तिथून सरळ रेषेत किती दूर आहे ते मांडायचं. रेषा चढली, काही महिने सपाट राहिली आणि पुन्हा शून्याजवळ आली तर ये-जा. चढून वरच राहिली तर पांगणं. वेडीवाकडी तर भटकंती. तळाशीच राहिली तर रहिवासी.

यात फसगत कुठे होते?

पट्टा आठ महिन्यांत बंद पडला तर ये-जा आणि पांगणं यांचे आलेख अगदी सारखे दिसतात. पूर्ण वर्षाची नोंद नसेल तर ‘स्थलांतर’ लिहू नये, ‘दूर गेला’ लिहावं.

नोंदी दिवसातून एकदाच घेतल्या तर वळणं कापली जातात आणि एकूण चाल कमी भरते. दर पाच मिनिटांनी घेतल्या तर उलटा त्रास: प्राणी झोपलेला असताना जीपीएसची काही मीटरची चूक प्रत्येक नोंदीत मिळवली जाते आणि तो झोपेत चालतो. म्हणून एकूण चालीच्या आकड्याशेजारी नोंदींमधला वेळ लिहायलाच हवा.

छोट्या पक्ष्यांवर लावतात ती प्रकाश मोजणारी यंत्रं आणखी वेगळी. मध्यान्ह कधी झाली यावरून रेखांश, दिवस किती मोठा यावरून अक्षांश. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास दिवस सगळीकडे जवळपास सारखाच, म्हणजे अक्षांश काढताच येत नाही, आणि अनेक पक्षी नेमके त्याच काळात वाटेवर असतात. शिवाय माहिती हवी तर तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो. ग्रीनलंडमधल्या सुरयांचा वर्षाचा फेरा सरासरी ७०,९०० किमी भरला तो अशाच, १.४ ग्रॅमच्या यंत्रांवर.

कोशकिडा:
मग वाक्य १ मध्ये ‘लांब पल्ल्याचा’ बरोबर ना? ७०,९०० पेक्षा लांब काय असणार?

टिटवी:
इथे मी अडून बसेन. पल्ला म्हणजे न थांबता गाठलेलं अंतर. सुरय समुद्रावर खातपीत जातो. उत्तर अटलांटिकमध्ये तर सरासरी २५ दिवस मुक्काम करतो. त्याचा फेरा प्रचंड, पल्ले मात्र मध्यम. खरा पल्ला गॉडविटचा: २०२२ मध्ये अलास्काहून निघालेलं पिल्लू, वय जेमतेम पाच महिने, ११ दिवस न थांबता १३,५६० किमी उडून टास्मानियात उतरलं. हा पाणथळीचा पक्षी, समुद्रावर उतरून त्याला खाता येत नाही. म्हणून निघण्याआधी चरबी साठवायची आणि जठर-आतडी आक्रसून घ्यायची, कारण वाटेत पचवायला काही नसतंच.

फरक नुसता शब्दांचा नाही. लांब पल्ल्याच्या पक्ष्याला निघायच्या जागी पोटभर मिळालं नाही तर वाटेत दुसरी संधी नाही. टप्प्याटप्प्याने जाणाऱ्याची कोंडी मधलं एखादं विसाव्याचं पाणी आटलं की होते.

अनुस्वार:
पल्ल्याला ‘खेप’ म्हणावं असं सुचवणार होतो, पण खेपेत परत येणं गृहीत असतं, ते राहू द्या. ‘पल्ला’, ‘टप्पा’, ‘फेरा’ पुरेत. पण ‘लांब पल्ल्याचा’ हा वाक्प्रचार सर्वसाधारण ‘दूरचा’ या अर्थानेच रुळला आहे. तो सगळ्या लेखनातून हद्दपार करू नका. दोन पक्ष्यांची तुलना असेल तिथे तेवढा काटेकोरपणा पाळा.

कोशकिडा:
सुधारून लिहितो, बघा.

(१) आर्क्टिक सुरय हा दरवर्षी फार मोठा फेरा घालणारा, स्थलांतर करणारा पक्षी आहे.
(२) एक तरुण ध्रुवीय कोल्हा जन्मस्थानापासून पांगला. त्याची एकूण चाल ४,४१५ किमी भरली.
(३) बुडीत क्षेत्रातील हरणे दुसऱ्या जंगलात हलवण्यात आली.

मोजपट्टी:
१ आणि ३ ठीक. २ मध्ये नोंदींमधला वेळ राहिला.

टिटवी:
आणि ‘कोल्हा’ नको, ‘कोल्हीण’. ती मादी होती.