निर्मात्याच्या अटी कुठवर मान्य कराव्यात?

धोटा (प्रश्न)

इचलकरंजीतील एका यंत्रमाग कामगाराची कथा मी पटकथेच्या रूपात पूर्ण केली आहे. मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षे गेलेल्या या माणसाला ऐकू येणे कमी होत चालले आहे आणि ही गोष्ट तो घरच्यांपासून लपवतो, एवढेच कथानक आहे. एक निर्माते पैसा घालण्यास तयार आहेत. मात्र चित्रपटात दोन गाणी आणि एक विनोदी उपकथानक असावे, अशी त्यांची अट आहे. गुंतवलेली रक्कम परत यावी ही त्यांची अपेक्षा मला रास्तच वाटते. तरीही ही अट मान्य केली, तर जे सांगण्यासाठी मी लिहायला बसले तेच हातून निसटेल, अशी भीती वाटते. यातले काय सोडावे आणि काय धरून ठेवावे?

इंद्रायणीकाठ

गाणे आले म्हणजे तडजोड झाली, हे गृहीतच मला मान्य नाही. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' पाहा. प्रभात ही स्वतःचा स्टुडिओ आणि पगारी माणसे असलेली कंपनी होती, त्यामुळे तिकीटखिडकीचा विचार तिला टाळता येणार नव्हता. या चित्रपटात गाणी आहेत, चमत्कार आहेत, तुकोबांचा मत्सर करणाऱ्या सालोमालोच्या निमित्ताने हशाही आहे. पण 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले पद तुकोबांचाच अभंग म्हणून अनेकांनी स्वीकारले, इतके ते त्या माणसाच्या तोंडी शोभले. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली. गल्ला आणि गुणवत्ता यांची तिथे फारकत झाली नाही, कारण लोकांना आवडणारी प्रत्येक गोष्ट तुकाराम आणि आवली यांच्या संसारातूनच आलेली होती. तुमच्या कथेत गाणे कोण म्हणेल आणि कोणत्या वेळी, हे आधी ठरवा. कांडी भरणाऱ्या (मागासाठी सूत गुंडाळणाऱ्या) बायका गात आहेत आणि नायकाला त्यांचे फक्त ओठ हलताना दिसत आहेत, असा प्रसंग आला तर ते गाणे निर्मात्यापेक्षा तुम्हालाच अधिक हवेसे वाटेल. विनोदी उपकथानकाबद्दल मात्र मला अशी खात्री देता येत नाही.

हिशेबाची वही

मी चित्रनिर्मितीच्या हिशेबाचे काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तिकिटाच्या निव्वळ रकमेतला साधारण निम्मा वाटा पहिल्या आठवड्यातच चित्रगृहाकडे राहतो. उरलेल्यातून वितरकाचे कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च वजा झाला की जे शिल्लक राहील ते निर्मात्याचे. पहिल्या तीन दिवसांत गर्दी झाली नाही तर सोमवारपासून खेळ कमी होतात. राज्य शासनाचे अनुदान आहे, पण ते चित्रपट पूर्ण होऊन त्याचे परीक्षण झाल्यानंतरचे आहे; चित्रीकरणाच्या दिवशी लागणारी रोकड त्यातून येत नाही.

कलेच्या ओढीविषयी बोलताना फाळक्यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकली, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले आणि फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंतची कामेही अंगावर घेतली. ती जोखीम त्या दोघांनी आपल्याच संसारावर घेतली होती. आज मात्र 'आपण कलेसाठी काम करतो आहोत' असे सांगून स्पॉटबॉय, प्रकाशयोजनेतील मदतनीस आणि सहायक दिग्दर्शक यांचा मेहनताना महिनोन्‌महिने थकवला जातो, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याची मला मनापासून चीड येते. तुमचे निर्माते परताव्याचा विचार करतात, याचा अर्थ लोकांचे पैसे वेळेवर देण्याचा विचारही ते करत असण्याची शक्यता अधिक आहे.

तिसरी रांग

वरचे दोन्ही प्रतिसाद पटले, पण पैसा कोणाचा आहे यावरही बरेच अवलंबून असते. 'अंकुर'ची कथा श्याम बेनेगल यांच्याकडे अनेक वर्षे पडून होती. अखेर जाहिरातपटांचे वितरण करणाऱ्या ब्लेझ कंपनीने तिला भांडवल दिले. १९७६ च्या 'मंथन'साठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. 'कोर्ट' या मराठी चित्रपटाला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीची मदत मिळाली, आणि त्याचे निर्माते विवेक गोम्बर यांनीच त्यात बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिका केली. म्हणून एकाच निर्मात्याशी बोलून निर्णय घेऊ नका. तुमचे निर्माते तुमच्या म्हणण्याला कबूल झालेच, तर अंतिम संकलनाचा निर्णय कोणाचा राहील, हे करारात स्पष्ट लिहून घ्या, कारण चित्रीकरणाच्या वेळी टिकलेला प्रसंग संकलनाच्या टेबलावर कापला जाऊ शकतो.

धोटा

सर्वांचे आभार. कांडीवाल्या बायकांचे गाणे मी लिहून पाहणार आहे. दुसऱ्या गाण्याला कथेत जागा सापडली नाही तर तसे निर्मात्यांना स्पष्ट सांगेन. विनोदी उपकथानकाला माझा नकार राहील. अंतिम संकलन आणि कामगारांच्या मेहनतान्याच्या तारखा या दोन्ही बाबी करारात याव्यात, अशी मागणी पुढच्या बैठकीत करते.