संदेशांची रांग भरली की जुनं टाकायचं की पाठवणाऱ्याला थांबवायचं?

दर्याकाठ, रत्नागिरी
जहाजांचे एआयएस संदेश (जहाज रेडिओवरून आपलं ठिकाण कळवतं ते) आम्ही नकाशावर दाखवतो. मोठी जहाजं चालताना दर २ ते १० सेकंदांनी ठिकाण कळवतात. त्यात पावसाळी मासेमारीबंदी उठली की बोटींचीही भर पडते आणि रांगेतले संदेश उचलून डेटाबेसात लिहिणारा प्रोग्राम, म्हणजे कंझ्युमर, मागे पडतो. माझं ठाम मत: रांगेला मर्यादा हवी, आणि ती भरली की जुने संदेश टाकून प्रत्येक बोटीचं फक्त शेवटचं ठिकाण ठेवावं. मघाचं ठिकाण आत्ताचं म्हणून दाखवणं समुद्रात धोक्याचं आहे. अमर्याद रांग ठेवली तर मेमरी संपून प्रोसेस पडते, आणि मग सगळंच जातं.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण
बोटींपुरतं मान्य, सरसकट नाही. मी पावसाच्या नोंदींवर काम करते. २२ जुलै २०२१चा पूर या गावाने सोसलाय. पावसाच्या नोंदींची बेरीज होते. एक गळली तरी दिवसाचा आकडा खोटा ठरतो. आम्ही सगळं काफ्कात, म्हणजे संदेशांची रांग डिस्कवर साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. कंझ्युमर आपल्या गतीने ओढून घेतो, पाठवणारा अडत नाही.

दर्याकाठ
पण किती दिवस? सेटिंग बदललं नाही तर काफ्कात संदेश ठेवायची मूळ मुदत ७ दिवसांची. कंझ्युमर कायमच मंद असेल तर लॅग, म्हणजे न वाचलेल्या संदेशांचा साठा, वाढत जातो, आणि मुदत संपली की वाचलं की नाही हे न बघता जुनं पुसलं जातं. वर ऑफसेट रीसेट (वाचायची जागा हरवली तर कुठून सुरू करायचं ते सेटिंग) मूळच्या 'लेटेस्ट'वर असेल तर कंझ्युमर थेट नव्या संदेशांवर उडी मारतो. टाकणं टळलं नाहीच, फक्त काय टाकायचं ते तुम्ही ठरवलं नाहीत.

मालवणी गडी
ह्या माका पटूक नाय. दोघेही रांगेवर बोलताय, कंझ्युमरकडे कोण बघणार? एकेक ओळ इन्सर्ट करत असाल तर आधी बॅच करा, म्हणजे बऱ्याच ओळी एकदम लिहा. पार्टिशन (रांगेचे समांतर भाग) वाढवा, कारण मिळून वाचणाऱ्या कंझ्युमरांच्या ग्रुपमध्ये पार्टिशनपेक्षा जास्त कंझ्युमर असले तर उरलेले रिकामे बसतात. दोन पोलमध्ये, म्हणजे कंझ्युमरने संदेश मागण्याच्या दोन वेळांमध्ये, ५ मिनिटांहून जास्त गेली तर मूळ सेटिंगनुसार कंझ्युमर ग्रुपबाहेर जातो आणि तीच बॅच दुसऱ्याकडे पुन्हा सुरू होते. एवढं करूनही भरली, तर पाठवणाऱ्यालाच थांबवा.

दर्याकाठ
जहाजाच्या रेडिओला 'थांब' कसं सांगणार?

वाशिष्ठीकाठ
तिथे नाही सांगता येत, हे खरं. पण पर्जन्यमापकाच्या लॉगरला (नोंदी ठेवणाऱ्या यंत्राला) स्वतःची मेमरी असते, त्याला थांबवता येतं. दर्याकाठ, एक सांगा: संकटाचे संदेशही त्याच रांगेत आहेत का? असतील तर आधी ते वेगळे काढा.

दर्याकाठ
सध्या त्याच रांगेत आहेत. वेगळे काढतो. ठिकाणांबद्दलचं मत मात्र तेच.