मदत हवी आहे: चाकण ते होसूर, दहा टायर, परवा पहाटे निघायचंय

दहाटायर_चाकण
मंडळी, परवा पहाटे चाकणहून होसूरला दहा टायरचा ट्रक पाठवायचा आहे. नॅशनल परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी सगळं चालू आहे. ड्रायव्हर एकच. गाडी आजवर गुजरात लाइनवर होती, या बाजूला पहिल्यांदाच चाललीय. पार्टीला दोन दिवसांत माल हवाय. रस्ता कुठला, बेंगळुरू कसं टाळायचं, बॉर्डरला काय मागतात, एवढंच सांगा. लवकर.

काटापावती
माल काय? वजन किती? गाडी कोणत्या सालची?

दहाटायर_चाकण
८० ड्रम, इनव्हॉइसवर १४,००० किलो. गाडी २०१६ ची. आरसीवर भरलेली २५,०००, रिकामी ९,३००. म्हणजे १५,७०० पर्यंत चालतं, आरामात बसतंय. रस्ता सांगा ना.

घाटमाथा
तळेगावहून ४८ नंबर हायवे धरा आणि सोडू नका: सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर. बेंगळुरूच्या अलीकडे तुमकूर रोडवरून नाइस रोडला (शहराबाहेरून जाणारा टोल रस्ता) चढा, इलेक्ट्रॉनिक सिटीला उतरा, पुढे अत्तिबेले आणि होसूर. त्याचा टोल वेगळा पडतो, पण शहरातल्या अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा आडव्या येत नाहीत. सुमारे ९०० किलोमीटर होतील. कागल-सातारा रुंदीकरणाची वळणं आणि हुबळी-धारवाड बायपास, ही दोन ठिकाणं दिवसाउजेडी काढा.

सोलापूरमार्गे
पावसाळ्यात कोल्हापूर कशाला? २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, गाड्या दिवसेंदिवस अडकल्या. पुणे-सोलापूर-विजयपूर, पुढे ५० नंबरने होस्पेट-चित्रदुर्ग. पन्नास-साठ किलोमीटर जास्त, पण खंबाटकी घाट नाही, तवंदी घाट नाही.

घाटमाथा
पूर आला तर तुमचा रस्ता बरोबर, रोजच्यासाठी नाही. निघायच्या आदल्या रात्री पंचगंगेची पातळी बघावी आणि ठरवावं.

बिल्टीवाला
ड्रममध्ये काय आहे ते अजून सांगितलं नाहीत.

दहाटायर_चाकण
थिनर. सीलबंद आहे, गळत नाही. त्याने रस्त्यात काय फरक पडतो?

बिल्टीवाला
सगळा फरक पडतो. हा ज्वालाग्राही माल आहे, वर्ग ३, यूएन नंबर (घातक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) १२६३. ड्रायव्हरच्या लायसनवर घातक मालाची नोंद हवी, त्यासाठी ३ दिवसांचं प्रशिक्षण असतं. नोंद नसेल तर दुसरा ड्रायव्हर बघा, परवापर्यंत ती होणार नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक, सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारा), अग्निशामक, प्रथमोपचार पेटी. केबिनमध्ये ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते सांगणारं), तेही ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत. मालाची लेखी माहिती देणं माल पाठवणाऱ्याचं काम आहे, ती मागून घ्या. आणि ढाब्यावर भट्टीशेजारी गाडी लावायची नाही.

काटापावती
वजनही बसत नाही. १४,००० हे नुसतं थिनर, ड्रममागे १७५ किलो. रिकामा लोखंडी ड्रम १८ किलोच्या आसपास, म्हणजे ८० चे १,४४०. चार ड्रमला एक अशी २० लाकडी पॅलेट, प्रत्येकी २० किलो धरली तर ४००. झाले १५,८४०, म्हणजे १४० किलो जास्त. डिझेलची टाकी, ताडपत्री, दोर, माणसं वेगळीच. चाकणमध्येच टाकी फुल करून आधी रिकामी गाडी वजनकाट्यावर घ्या, मग भरलेली.

नवा_एक्सल
उगाच घाबरवू नका. २०१८ पासून तीन एक्सलला, म्हणजे दहा टायरला, भरलेली २८,५०० किलो चालते.

काटापावती
तो आकडा यांच्या आरसीवर आहे का? काट्यावर आरसीचा आकडा बघतात, तिथे २५,००० च आहे. कलम १९४ खाली २०,००० दंड, वर जादा टनामागे २,०००, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवावा लागतो. थिनरचे ड्रम हायवेच्या कडेला उतरवणार? वरच्या थरातलं एक पॅलेट काढा. ७९० किलो कमी होतील.

थंडकेबिन
ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झालीय, ते बघितलंत का?

बिल्टीवाला
ती नव्या गाड्यांना. इथे २०१६ ची आहे.

घाटमाथा
थिनर असेल तर दोन दिवसांचं विसरा. २०२५ पर्यंतच्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती होती, तोच हिशोब धरा. एका ड्रायव्हरने पहिला हॉल्ट बेळगाव, दुसरा चित्रदुर्ग, तिसऱ्या दिवशी होसूर. पार्टीला आजच फोन करून तीन दिवस सांगा.

उतारावर न्यूट्रल अजिबात नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग आवरणारा) लावून ठेवा. ब्रेकवर पाय दाबून धरला की चाकातला ब्रेक ड्रम तापतो, लाइनरची पकड सुटते, मग कितीही दाबा. इंजिन बंद केलं तर ब्रेकची हवा भरायची थांबते आणि स्टेअरिंगही जड होतं. परतीला कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतार असाच फसवतो. रस्ता रुंद आणि सरळ दिसतो म्हणून डीझेल वाचवायला गाड्या न्यूट्रल करतात आणि पुढे थांबलेल्या रांगेत घुसतात.

दहाटायर_चाकण
ड्रायव्हरच्या लायसनवर नोंद नाही. नोंदवाला शोधतोय, निघणं दोन दिवस पुढे. एक पॅलेट काढतोय, ७६ ड्रम. पण ई-वे बिल (जीएसटीचं मालवाहतुकीचं ऑनलाइन बिल) ८० ड्रमचं आजच निघालंय.

बिल्टीवाला
२४ तासांच्या आत ते रद्द करा. ७६ ड्रमचं इनव्हॉइस घेऊन नवं काढा, बिल्टीवरही (ट्रान्सपोर्टची माल पावती) तोच आकडा. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे ९०० ला ५ दिवस मिळतील. निघायच्या दिवशीच काढा, नाहीतर गाडी उभी असतानाच दिवस जातील. वाटेत गाडी बिघडून माल दुसरीत घेतला तर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकल्याशिवाय हलू नका. मुदत संपतेय असं दिसलं तर संपायच्या आधीच्या ८ आणि नंतरच्या ८ तासांत ती वाढवून घेता येते.