धावताना, व्यायाम करताना सुगंध लावता का? अनुभव लिहा

रविवारी पहाटे साडेपाचला आमचा पळणाऱ्यांचा गट पुण्यात एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने वेताळ टेकडी चढतो. घरातून निघताना मनगटाला मोगऱ्याच्या अत्तराचा थेंब लावायची माझी सवय आईकडून आलेली. पळायला जातानाही ती कधी मोडली नाही. चढावर दम लागला की मनगट नाकाशी नेते आणि मला हुरूप येतो, खरंच येतो.

मागच्या महिन्यात गटातली एक मैत्रीण सारखी मागे राहायला लागली. तब्येत बरी नसेल असं वाटलं. मग तिनेच बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुझ्या मागून पळताना माझी छाती भरून येते, म्हणून अंतर ठेवते." तिला दमा आहे हे मला सहा वर्षं माहीत होतं. माझ्या मनगटाचा आणि तिच्या छातीचा संबंध मात्र एकदाही सुचला नाही, याचं फार वाईट वाटलं.

त्यानंतर थोडं वाचलं. अंग तापलं की अत्तर भराभर उडतं. आणि बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो, ती जोरात पळताना १०० लिटरच्याही पुढे जाऊ शकते. घरात जो थेंब पुसटसा वाटतो, तो मागून पळणाऱ्याला किती होत असेल!

म्हणून हा धागा. तुम्ही लावता का? काय, कुठे, किती? कुणाला त्रास झाला का, किंवा कुणामुळे तुम्हाला? जिम, तालीम, योगवर्ग, ट्रेक, सगळं चालेल.

पेडररोडचा_चढ

मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूचा. दमेकरी आहे आणि चार फुल मॅरेथॉन पूर्ण केल्यात. मुंबई मॅरेथॉनच्या पहाटे सीएसएमटीसमोर गर्दीत उभं राहिलं की डिओंचा थर बसतो नाकात. शर्यत सुटली की माणसं पांगतात, तसा तोही पांगतो. मला जास्त त्रास होतो तो वेदनाशामक स्प्रेचा. स्वयंसेवक मायेने पायांवर फवारतात, त्यांना दोष कसा देणार? पण मेंथॉलचा तो ढग छातीत गेला की परतीच्या पेडर रोडवर माझी शिट्टी वाजते. आता लांबून स्प्रेचे डबे दिसले की रस्त्याची दुसरी कड धरतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पळण्याआधी १५ मिनिटं इनहेलर घेतो.

आम्ही सहसा बोलत नाही. "तुमचा वास सहन होत नाही" हे वाक्य मराठीत कसंही म्हटलं तरी समोरच्याला लागतंच. तुमच्या मैत्रिणीने धीर केला.

तांबडी_माती

कोल्हापूरकडचा आहे. आमच्या तालमीत अत्तर लावून कुणी हौद्यात उतरलं तर वस्ताद आधी आंघोळ करून ये म्हणायचे. कारण साधं होतं, मातीलाच वास असायचा. तांबड्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर, काव घालून ती मुरवायची, पोरांनीच खोऱ्यानं वरखाली करायची. जोर-बैठका मारून घामेजलं अंग त्या मातीत लोळलं की जो वास सुटतो तो मी कुठल्याच बाटलीत बघितला नाही. नोकरीसाठी पिंपरीला आलो, एसी जिम लावली. तिथं पहिले पंधरा दिवस मला व्यायाम केल्यासारखंच वाटेना. चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

वाळ्याची_ताटी

नागपूर. मे महिन्यात पहाटे पाचलाच निघावं लागतं, फुटाळ्याला चक्कर मारून सातच्या आत घरी. मी वाळ्याचं अत्तर वापरतो, कन्नौजचं. त्यात अल्कोहोल नसतं, म्हणून दाढी केलेल्या गालाला घाम लागला तरी चुरचुरत नाही. पण अंगाला चोळत नाही. बाबा करायचे तसा कापसाचा फाया करून कानाच्या पाळीत ठेवतो. मला पुरतं, शेजारून चालणाऱ्याला कळतही नाही. धागाकर्तीने हे करून बघावं.

कड्यावरचा_मुक्काम

ट्रेकला नेतो, म्हणून एवढंच लिहितो: गडावर सेंट, डिओ, सुगंधी तेल काही नको. कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात, उग्र वासानं ती उठू शकतात. एक माशी डसली की तिथं इशाऱ्याचा गंध सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि मग बाकीच्या त्यावर धावून येतात. आदल्या रात्री सगळ्यांना निरोप पाठवतो, तरी सकाळी बसमध्ये एक तरी फुसफुस ऐकू येतेच. अशा वेळी मी पायथ्याला मान-हात धुवायला लावतो. रागावले तर रागावू देत.

उन्हातली_सायकल

माझी चूक सांगते, कुणाला उपयोग होईल. बर्गामॉटचं तेल खोबरेल तेलात मिसळून घरीच सुगंधी तेल केलं आणि मानेला लावून दोन तास उन्हात सायकल चालवली. दुसऱ्या दिवशी मान लाल, झोंबणारी. नंतर ओघळ आले असतील तसेच तपकिरी पट्टे उमटले. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाल्या, या तेलातले काही घटक उन्हाशी मिळून कातडी भाजतात. डाग जायला आठ महिने लागले. लग्नाच्या फोटोंत मी पदर मानेवरून घेतलेला आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फाया करून बघते. एक भर घालते: ताज्या घामाला स्वतःचा असा वास फारसा नसतोच, कातडीवरचे जिवाणू तो तयार करतात. आणि पॉलिएस्टरच्या ड्राय-फिटमध्ये तो सुतीपेक्षा जास्त धरून राहतो. मी आता पळून आल्या आल्या टी-शर्ट धुते, ढिगात टाकत नाही. फरक पडला.

पुन्हा_हुंगतोय

२०२१च्या एप्रिलमध्ये करोना झाला आणि वास गेला. पळायला लागलो तेव्हा स्वतःचा घाम कळेना. लोकांना त्रास होईल या भीतीनं डिओचा मारा करायचो. बायकोने एकदा हात धरला, "अहो, डोळे चुरचुरतायत माझे." मग ठरलं की ती सांगेल आणि मी ऐकेन.

डॉक्टरांनी वासाचा सराव दिला होता. सकाळ-संध्याकाळ गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी. डोळे मिटून एकेक हुंगायचं आणि तो वास आठवायचा. महिनोन्‌महिने काही नाही. सातव्या महिन्यात, १० किलोमीटर पळून आल्यावर शर्ट डोक्यावरून काढताना काहीतरी आंबूस आलं. तसाच उभा राहिलो. पुन्हा हुंगला. बायकोला हाक मारली, शर्ट तिच्यापुढे धरला.

"येतोय," ती म्हणाली. "चांगलाच येतोय."