मदत हवी आहे: क्रॅक केलेलं कॅड पोरांच्या लॅपटॉपवर, नोटीस ऑफिसला

नकाशेवाला
जाणकारांनी लवकर सांगा, खुलाशाला आठवडाच आहे. पुण्यात आमचं छोटं आर्किटेक्चरचं ऑफिस आहे. कॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलांची ईमेल आलीय की तुमच्याकडे विनापरवाना प्रती वापरात आहेत. ऑफिसच्या प्रत्येक मशीनचं बिल माझ्याकडे आहे. चोरीच्या प्रती आहेत त्या कामावरच्या पोरांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. मग जबाबदारी आमची कशी? सरळ उत्तर द्या.

सह्याद्रीवारा
त्या लॅपटॉपवर पोरं काम कुणाचं करतात? फर्म आहे की प्रायव्हेट लिमिटेड? नोटीस कोर्टाची की नुसती वकिलांची?

कोकणी_पेंग्विन
विंडोजऐवजी लिनक्स टाका, फुकटचं फ्रीकॅड घ्या, प्रश्न मिटला. आम्ही कित्येक वर्षं कुणाला एक पैसा दिलेला नाही.

विटावाळू
पेंग्विन, तुमचं काम यंत्रांच्या सुट्या भागांचं असेल. इथे सल्लागारांपासून महापालिकेपर्यंत सगळे नकाशाची फाइल डीडब्ल्यूजी प्रकारातच मागतात. फ्रीकॅडला त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो, दुसरं फुकटचं लिब्रेकॅड तर डीडब्ल्यूजीत सेव्हच करत नाही. फुकटचे सल्ले देण्याआधी एक मंजुरीचा नकाशा करून दाखवा.

कोकणी_पेंग्विन
कन्व्हर्टर फुकट मिळतो. शिकायची तयारी हवी.

नकाशेवाला
भांडणं नंतर करा. भागीदारी फर्म आहे. फक्त ईमेल आलीय. पोरं घरून आमचीच ड्रॉइंगं करतात, लॅपटॉपचा भत्ता पगारातच देतो. त्याने काय फरक पडतो?

वकीलसाहेब_नगर
फरक तिथेच पडतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना ती संगणकावर वापरणं हा गुन्हा. किमान ७ दिवस, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, दंड ५० हजार ते २ लाख. संगणक कुणाच्या मालकीचा, हे कलम विचारतच नाही. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण तुमचं काम धंद्याचंच आहे.
पुढे कलम ६९. गुन्हा कंपनीकडून झाला असेल तर कारभार पाहणारे दोषी धरले जातात, आणि त्या कलमापुरती फर्म म्हणजेही कंपनीच. सुटका एकच: आम्हाला माहीत नव्हतं किंवा आम्ही पुरेशी काळजी घेतली होती, हे तुम्ही सिद्ध करायचं. पोरांना लेखी मनाई केली होती का?

नकाशेवाला
तोंडी सांगितलं होतं. आणि सगळ्यांना लॅपटॉप फॉरमॅट करायला सांगितलंय, म्हणजे विषयच संपेल.

वकीलसाहेब_नगर
आधी फोन करून ते थांबवा! नोटीस आल्यावर पुसलंत तर पुरावा नष्ट केल्याचं दिसेल. "आम्हाला माहीत नव्हतं" मग कोण ऐकणार?

सह्याद्रीवारा
सहमत. आमच्या आधीच्या ऑफिसात कोर्टाने नेमलेले कमिशनर आले होते. प्रत्येक मशीनची प्रोग्रामची यादी उघडून फोटो काढले, सीरियल नंबर टिपले, पानापानावर सह्या घेतल्या. एका मशीनची हार्डडिस्क कोरी निघाली, तर बाकी सगळं सोडून दिवसभर प्रश्न तिच्यावरच. क्रॅक प्रत नेटला जोडली की मशीनची माहिती बरेचदा कंपनीकडे आधीच गेलेली असते.

हिशेबी_मी
लायसन्स घेणार असाल तर संगणकाबरोबरच्या सॉफ्टवेअरला आयकरात ४०% घसारा मिळतो. बिल फर्मच्या नावाने घ्या, जीएसटीचं क्रेडिटही मिळेल.

विटावाळू
घसारा कुणी विचारला होता? नकाशेवाले, भत्ता देता तर लायसन्सही तुम्हीच द्यायला हवं. नुकत्याच पास झालेल्या पोराच्या पगारात कॅडची वर्षाची वर्गणी बसते का? त्याने क्रॅक टाकला तो तुमची डेडलाइन गाठायला.

नकाशेवाला
फॉरमॅट थांबवलंय. फक्त एका पोराने आधीच करून टाकलं होतं. आता त्यांचे खासगी लॅपटॉप तपासायचा मला हक्क आहे का?

वकीलसाहेब_नगर
जबरदस्तीने नाही. लेखी संमती घ्या, त्यांच्या समोर फक्त प्रोग्रामची यादी पाहा, फोटो-मेल उघडू नका. फॉरमॅट कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून झालं ते वकिलाला खरं सांगा. खुलासा वकिलामार्फतच जाऊ द्या, आणि त्यात पोरांची नावं पुढे करून मोकळे होऊ नका. त्यांचं आणि तुमचं हित इथे वेगळं आहे, त्यांनाही वेगळा सल्ला घेऊ द्या.