विषय: अरुबा सहल – यूटीव्ही की जीप? शुक्रवारपर्यंत कळवा

प्रेषक: मीनल
मंडळी, टूरवाल्यांचं उत्तर आलं. अरुबा बेटावरच्या आरिकोक नॅशनल पार्कमध्ये यूटीव्ही (खडकाळ वाटेवर चालणारी छोटी उघडी गाडी) आणि क्वाडला (चार चाकांची, हँडलची मोटारसायकल) बंदी आहे. म्हणजे खडकांतल्या समुद्राच्या पाण्याच्या ज्या नैसर्गिक कुंडासाठी (नॅचरल पूल, कोंची) एवढा घाट घातला, ते यूटीव्हीच्या टूरमध्ये नाही, कारण ते पार्कच्या आत आहे. तिथे जायचं तर फोर-बाय-फोर जीप, घोडा किंवा पायी. यूटीव्ही पार्कबाहेरच्या उत्तर किनाऱ्याने नेतात: कॅलिफोर्निया दीपगृह, आल्टो व्हिस्टा चॅपल, बुशिरिबाना. आगाऊ रक्कम शुक्रवारी भरायची आहे. फॉर्मवर यूटीव्ही लिहिलेल्यांनी परत कळवा.

प्रेषक: सतीश
यूटीव्हीच ठेवा. कुंड नाही म्हणून टूर वाया गेली असं अजिबात नाही. बेटावर 1824 मध्ये सोनं सापडलं, पुढे त्याच शतकात बुशिरिबानाला सोनं गाळायचा कारखाना उभा राहिला. त्याच्या दगडी भिंती अजून आहेत, आणि समोर नुसता फुटणारा समुद्र. दीपगृहाला नावही 1891 मध्ये तिथे बुडालेल्या कॅलिफोर्निया या बोटीवरून पडलं. फक्त ग्रुपवर फिरणारा मोठ्या नैसर्गिक कमानीचा फोटो जुना आहे. ती कमान 2 सप्टेंबर 2005 ला कोसळली. शेजारी छोटी आहे, तीच दिसेल. त्या फोटोसाठी कोणी नाव दिलं असेल तर आत्ताच सांगा.

प्रेषक: अरविंदकाका
सतीश, इतिहास वाचला, छान आहे. पण माझ्या मणक्याचं सगळ्यांना माहीत आहे. यूटीव्हीत दगडधोंड्यांवरून दोन-तीन तास म्हणजे आमच्या वयाच्या लोकांना घरी बसा म्हणण्यासारखं आहे. सहल सगळ्यांची आहे. जीपच घ्या.

प्रेषक: डॉ. सुनंदा
काका, जीप म्हणजे आराम असं धरून चालू नका. टूरच्या काही जीपमध्ये मागे समोरासमोर आडवी बाकं असतात. माणूस कुशीवर हिंदकळतो, धरायला फक्त वरचा दांडा. मणक्याला ते जास्त वाईट. यूटीव्हीत तोंड पुढे, पाठीला टेकण आणि खांद्यावरून पट्टा असतो. जीप घ्यायचीच तर पुढे तोंड असलेली जागा लेखी मागा. शिवाय कुंडापाशी खाली उतरायला पायऱ्या आहेत आणि पाण्याजवळ खडक निसरडे. गुडघेवाल्यांनी त्याचाही विचार करावा.

प्रेषक: रोहिणी
बसण्याचं होईल हो, धुळीचं काय? पुढच्या गाडीची सगळी धूळ मागच्याच्या तोंडात येते. मागे एका वाळवंटाच्या सहलीत लेन्स लावून गेले होते, संध्याकाळपर्यंत डोळा उघडत नव्हता. गॉगल डोळ्यांना घट्ट बसणारा हवा. नाकातोंडावर बांधायला सुती कापड घ्या, पण ओढणी नको. उघड्या गाडीत टोक बाहेर उडतं आणि चाकात जाऊ शकतं. बूट बंद. आणि सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन हे रसायन नाही ना ते बघा, अरुबात त्यावर बंदी आहे.

प्रेषक: ऋता
बंदी आहे तर का आहे हेही बोलूया ना. चाकांनी वाळूच्या टेकड्या आणि निवडुंगाची झुडपं चिरडली जातात. तिथलं शोको हे छोटं घुबड जमिनीतल्या बिळात राहतं. एक गाडी वाट सोडून गेली की दुसरी तिच्या मागे जाते आणि वाट रुंदावत राहते. पार्कबाहेरही आपण मळलेली वाट सोडायची नाही, हे गाइडकडून आधी कबूल करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आणि मुलांना बजावा: उत्तर किनाऱ्याला पाण्यात उतरायचं नाही. वारा समुद्रावरून थेट येतो, लाटा माणूस ओढून नेतात.

प्रेषक: सतीश
ऋता, वाट सोडायची नाही तर मग ऑफ-रोडचे पैसे कसले? कच्च्या रस्त्याने तर भाड्याची जीपही जाते. टूरवाल्यांना मी आजच फोन करून विचारतो.

प्रेषक: विद्याताई
सतीश, फोन करू नका. टूरवाल्यांशी फक्त मीनल बोलेल. गेल्या आठवड्यात दोघांनी वेगवेगळे आकडे सांगितले, तेव्हा त्यांनी सवलतच मागे घेतली होती, ती परत मिळवायला तिला किती फोन करावे लागले ते मला माहीत आहे. युवा विभागाने सूचना जरूर कराव्यात, बुकिंग सहल समितीचं. ऋताच्या अटीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ऑफ-रोड म्हणजे खडकाळ वाट, दुसऱ्याच्या बेटावर वाटेल तिथे गाडी घालणं नव्हे.

प्रेषक: अरविंदकाका
सुनंदा, पुढची जागा मिळत असेल तर मी येतो. पायऱ्या उतरणार नाही, वरून बघेन.

प्रेषक: मीनल
दोन गट करते आहे. कुंड बघायचं त्यांना जीप, बाकीच्यांना यूटीव्ही. दोन्ही गटांची संख्या पुरली तरच गटाचा दर टिकतो, म्हणून शुक्रवारनंतर गट बदलता येणार नाही. काका, तुमच्यासाठी ड्रायव्हरशेजारची जागा मागितली आहे. वाट न सोडण्याचं त्यांनी मेलवर लिहून दिलंय. यूटीव्ही चालवणाऱ्यांनी पक्क्या लायसन्सचा फोटो पाठवा. शिकाऊ परवाना चालत नाही, मुलांच्या आईबाबांनी हे घरी स्पष्ट सांगावं.